पाठीतलं पाणी आणि मोटर न्यूरॉन आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताची पकड सुटते, पाय अडखळतो, बोलणं जड होतं. दोन-चार डॉक्टर होतात आणि मग एखादे न्यूरॉलॉजिस्ट ‘मोटर न्यूरॉन’ हा शब्द उच्चारतात. त्याच्या मागोमाग ‘पाठीतलं पाणी तपासू’ हेही येतं आणि घरात दोन तट पडतात. पुढचे प्रश्न मराठवाड्यातल्या रुग्णांच्या घरचे आणि नमुने हाताळणाऱ्या लॅबमधल्या मंडळींचे आहेत.

हा आजार नेमका काय आहे?

मेंदूकडून मज्जारज्जूकडे आणि तिथून स्नायूंकडे हालचालीचा हुकूम नेणाऱ्या चेतापेशी एकामागून एक मरत जातात. हुकूम पोहोचला नाही की स्नायू वाळतो. या गटातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस). फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. दहातल्या साधारण नऊ रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो.

सुरुवात फार साधी असते. सदऱ्याची गुंडी लागत नाही, वेचताना बोंडातून कापूस सुटत नाही, चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही. हात उघडून पाहिला तर अंगठ्याच्या बुडाची गादी बसलेली दिसते, करंगळीच्या बाजूची मात्र बरीचशी शाबूत असते. दंडावर, मांडीवर कातडीखाली किडा वळवळल्यासारखी फडफड दिसते. मुंग्या येणं, बधिरपणा मात्र सहसा नसतो. बधिरपणा ठळक असेल तर दुसऱ्या आजाराचा विचार आधी करावा.

पाठीतलं पाणी म्हणजे काय? तिथंच का बघायचं?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एक निथळ द्रव फिरत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे आज काढलेलं १०-१२ मिलिलिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासात भरून निघतं.

मरणाऱ्या चेतापेशींचे तुकडे आधी या द्रवात उतरतात, रक्तात त्यातला अगदी थोडा अंश पोहोचतो. विहिरीचं पाणी विहिरीतच तपासायचं, तसं हे आहे.

पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो असं गावात सांगतात. खरं आहे का?

नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत जाते. तिथं फक्त सुटे चेतातंतू पाण्यात तरंगत असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. एखाद्याला सुई टेकली तर पायात क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं. ते लगेच सांगावं, डॉक्टर दिशा बदलतात.

ही समजूत कशी पसरली तेही समजून घ्यायला हवं. हा आजार मुळातच वाढत जाणारा आहे. फेब्रुवारीत पाणी काढलं, मे महिन्यात चालणं बंद झालं, की घरच्यांच्या मनात दोन्ही गोष्टींची गाठ बसते. पाणी काढलं नसतं तरी मे महिन्यात तेच झालं असतं. पाणी काढण्याआधी डॉक्टरांनी हे घरच्यांना बसवून सांगितलं पाहिजे. न सांगितल्यामुळे पुढं जी भांडणं होतात त्यात रुग्णाचेच हाल होतात.

साध्या तपासणीत, म्हणजे पेशी, प्रथिनं, साखर यांत, हा आजार दिसतो का?

दिसत नाही. एएलएसमध्ये ही तपासणी बहुतेक वेळा स्वच्छ येते. पेशी ० ते ५, साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश, प्रथिनं नेहमीच्या १५ ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा किंचित वर. पण ती निरुपयोगी नाही. पेशी १० च्या वर किंवा प्रथिनं ७५ च्या वर गेली तर जंतुसंसर्ग, चेतांची सूज, लिम्फोमा अशा दुसऱ्या कारणाचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यातल्या काहींवर उपचार आहेत. साखरेचा अर्थ लागण्यासाठी त्याच वेळी रक्तातली साखरही तपासायला हवी. हे विसरलं जातं आणि निम्मी माहिती वाया जाते.

मग बायोमार्कर म्हणजे काय? सगळे ‘एनएफएल’बद्दल बोलतात ते काय आहे?

आजाराची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. एनएफएल हे न्यूरोफिलामेंट लाइट या प्रथिनाचं छोटं नाव. चेतापेशीचा लांब धागा आतून ताठ ठेवायचं काम न्यूरोफिलामेंट करतात. धागा तुटला की ते बाहेर पडतात.

माळवदाचं घर डोळ्यासमोर आणा. वरून माती, आतून लाकडी तुळया. घर उभं आहे तोवर तुळया बाहेर दिसत नाहीत. घर खचलं की अंगणात तुळयांचा ढीग पडतो. ढीग मोजून पडझड किती झाली ते कळतं. पण घर पावसानं खचलं, वाळवीनं पोखरलं की भूकंपानं पाडलं, ते तुळया सांगत नाहीत. एनएफएलचं बळ आणि मर्यादा दोन्ही या चित्रात आहेत.

त्याचाच मोठा भाऊ पीएनएफएच. मोठ्या धाग्यांमधलं हे जड प्रथिन फॉस्फेट लागलेल्या रूपात मोजतात. एएलएसच्या निदानात दोघांची कामगिरी जवळपास सारखी आहे. लॅबमध्ये जे नीट होतं ते करावं, दोन्हींवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

एनएफएल वाढलेलं आलं. म्हणजे एएलएस पक्कं का?

नाही, आणि या पानावरचं हेच उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.

एएलएसमध्ये पाण्यातलं एनएफएल निरोगी माणसाच्या कित्येक पट वाढतं. एएलएस आणि त्याच्यासारखे दिसणारे आजार वेगळे करण्यात ही तपासणी अनेक अभ्यासांत साधारण ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर ठरली आहे. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, झपाट्याने वाढणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, अर्धांगवायू, डोक्याला किंवा मणक्याला झालेली इजा, गियाँ-बारे, या सगळ्यांत एनएफएल वाढतं. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला असेल तरीही वाढू शकतं. वयानुसारही ते आपोआप चढतं. ३५ वर्षांच्या माणसाची मर्यादा ७० वर्षांच्या आजोबांना लावली तर आजोबा उगाच आजारी ठरतील.

निदान आजही तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातोडीवर, डोळ्यांवर आणि ईएमजीवर, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या तपासणीवर, उभं आहे. त्यासाठी २००८ चे अवाजी निकष आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले जास्त सुटसुटीत गोल्ड कोस्ट निकष वापरतात. यांपैकी कशातही एनएफएल ही अट नाही.

आणि नॉर्मल आलं तर सुटलो का?

सुटका होत नाही, पण दार थोडं किलकिलं होतं. सहा महिने-वर्षभर हातपाय वाळत चालले आहेत आणि एनएफएल वयाच्या मानानं नॉर्मल आहे, तर डॉक्टरांनी निदान पुन्हा पहिल्यापासून तपासायला हवं. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी, केनेडी आजार, एका हातापुरता थांबणारा हिरायामा आजार यांत ते एएलएसइतकं वाढत नाही. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथीवर तर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आहे आणि हात परत चालू लागतो. हिरायामा आजार आपल्याकडच्या तरुण मुलांत दिसतो. एक पंजा वाळतो, काही वर्षांनी वाढ थांबते. अशा पोराच्या कपाळी एएलएसचा शिक्का बसला तर त्याचं शिक्षण, लग्न सगळं अडतं.

एएलएसही काहींमध्ये संथ चालतो आणि तेव्हा आकडा मर्यादेच्या आसपास राहतो. म्हणून नॉर्मल अहवालाकडे निकाल म्हणून बघू नका. त्यातून निदान पुन्हा तपासायचा प्रश्न उभा राहतो, तो डॉक्टरांना विचारा.

पैसा मोजकाच आहे. ही तपासणी करायचीच का?

आधी दुसऱ्या गोष्टी करा. क्रम आमच्या मते असा असावा: न्यूरॉलॉजिस्टनी केलेली पूर्ण तपासणी, हात-पाय-पाठ-जीभ यांची ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन, मानेचा एमआरआय, रक्तात बी-१२, थायरॉइड, कॅल्शियम, साखर, सीपीके, एचआयव्ही. फक्त खालचा, म्हणजे मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारा, चेतापेशीगट बिघडलेला दिसत असेल तर जीएम-१ अँटिबॉडी. सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारं प्रथिन, एएलएसमध्ये थोडं वाढलेलं असू शकतं, त्यावरून लगेच स्नायूंचा आजार ठरवू नये.

बी-१२ बद्दल वेगळं सांगायला हवं. माळकरी आणि शाकाहारी घरांत ही कमतरता भरपूर सापडते. त्यात पाय कडक होतात, तोल जातो, आणि सुया घेतल्या की सुधारणा होते. मानेच्या मणक्याचंही तसंच. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझी वाहिलेल्या माणसाच्या मानेच्या एमआरआयमध्ये झीज हमखास दिसते. ती झीजच आजाराचं कारण आहे की योगायोगानं सोबत आहे, हा प्रश्न सोडवायला ईएमजी लागते. याच प्रश्नावर घाईनं मानेचं ऑपरेशन झालं आणि हात तरी वाळतच राहिला, अशी प्रकरणं न्यूरॉलॉजिस्टना सगळीकडे बघावी लागतात.

हे सगळं करूनही निदान अधांतरी असेल, किंवा जनुकीय उपचाराचा अथवा संशोधनात सहभागाचा विचार असेल, तेव्हा एनएफएलवर पैसे घाला. निदान स्पष्ट असेल तर तोच पैसा श्वासाच्या बायपॅप मशिनसाठी राखून ठेवा. रात्रीचा श्वास सावरला की आयुष्य वाढतं आणि झोपही लागते. आकडा माहीत होऊन या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

किती दिवस आहेत, हे आकड्यावरून कळतं का?

गटासाठी कळतं, एका माणसासाठी नाही. एनएफएल जितकं जास्त तितका आजार वेगाने पुढे जाण्याचा कल, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण तुमच्या वडिलांसाठी महिन्यांचा हिशेब त्यातून निघत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांचं आयुष्य २ ते ५ वर्षांचं असतं, काहींचं त्याहून बरंच जास्त. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान सांगितलं गेलं आणि ते २०१८ पर्यंत जगले.

वेग पाहण्याचा एक फुकटचा मार्ग आहे. एएलएसएफआरएस-आर ही १२ प्रश्नांची मोजपट्टी: बोलणं, गिळणं, लिहिणं, कपडे घालणं, चालणं, जिना, श्वास. प्रत्येकाला ० ते ४ गुण, पूर्ण निरोगी माणसाला ४८. समजा लक्षणं सुरू होऊन १० महिने झाले आणि आज गुण ४१ आहेत. ४८ वजा ४१ म्हणजे ७, भागिले १० म्हणजे दरमहा ०.७ गुण. साधारण ०.५ च्या खाली संथ, १ च्या वर वेगवान. दर भेटीला हा आकडा वहीत तारखेसह लिहा. एनएफएल आणि हा उतार एकत्र पाहिले तर डॉक्टरांना बायपॅप आणि पोटात अन्न देण्याची नळी यांची वेळ आधीच ठरवता येते.

ही तपासणी रक्तातून होत नाही का? पाठीत सुई कशाला?

होते. म्हणूनच पाठीतल्या सुईची गरज पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. रक्तात एनएफएल पाण्याच्या कित्येक पट कमी असतं, त्यामुळे जुन्या एलायझा पद्धतीला ते नीट पकडता येत नव्हतं. सिमोआसारखी अतिसूक्ष्म मोजणारी यंत्रं आल्यावर ते शक्य झालं. एएलएसमध्ये रक्तातला आणि पाण्यातला आकडा बऱ्यापैकी जोडीनं चालतो.

रक्ताच्या आकड्याला घोळ जास्त. मूत्रपिंड थकलं असेल तर तो वाढतो, मधुमेहानं पायाच्या चेता बिघडल्या असतील तर वाढतो, अंगानं स्थूल माणसात थोडा कमी दिसतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि वजन अहवालासोबत असायलाच हवं. फक्त एनएफएलसाठी पाठीत सुई घालू नये, रक्त पुरे. दुसऱ्या कारणाने पाणी काढायचंच आहे, किंवा खाली दिलेल्या इतर खुणा तपासायच्या आहेत, तेव्हा पाण्याचा नमुना घ्यावा.

एनएफएलशिवाय पाण्यात आणखी काय शोधतात?

कायटोट्रायोसिडेज आणि सीएचआय३एल१ ही दोन प्रथिनं चेतापेशींभोवतीच्या राखणदार पेशी चवताळल्या की वाढतात. मात्र काही माणसांत जनुकातल्या जन्मजात बदलामुळे कायटोट्रायोसिडेज तयारच होत नाही, त्यांचा आकडा शून्याजवळ येतो. तो चांगला म्हणून वाचू नये.

सी९ओआरएफ७२ या जनुकात दोष असलेल्यांच्या पाण्यात पॉली-जीपी नावाची साखळी सापडते. हा दोष युरोपात जास्त, भारतात कमी.

सगळ्यात मोठी आशा टीडीपी-४३ कडे आहे. एएलएसच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत हे प्रथिन आपली जागा सोडून पेशीत गोळे करून बसतं. ते जागेवर नसलं की पेशी चुकीचे प्रथिन-तुकडे बनवते आणि ते तुकडे पाण्यात मोजता येऊ लागले आहेत. तुळया नव्हे तर वाळवीच पकडायचा हा प्रयत्न आहे. पण तो अजून संशोधनाच्या टेबलावर आहे. कुणी आज ‘टीडीपी तपासून खात्रीचं निदान देतो’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

पाणी काढण्याआधी काय तयारी लागते?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं आधी सांगा. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा नव्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, घरच्या घरी बंद करू नका. प्लेटलेट ५०,००० च्या खाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर असेल तर तपासणी पुढे ढकलतात. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन. कमरेवर गळू, खरूज असेल तर ती बरी होऊ द्या. उपाशी राहायची गरज नाही, उलट पाणी पिऊन या.

प्रत्यक्षात कसं करतात?

रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे छातीशी आणि हनुवटी खाली घ्यायला लावतात. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ मनात ओढली की बोट चौथ्या मणक्यापाशी पोहोचतं. कातडी जंतुनाशकानं पुसून वाळू देतात, २ टक्के लिग्नोकेनची भूल देतात. जळजळ होते ती इथंच, काही सेकंद. मग २२ किंवा २५ गेजची सुई. बोथट टोकाची असावी. आतली तार काढली की पाणी थेंब थेंब पडतं. कुशीवर असतानाच दाब मोजतात, तो साधारण ६ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. १० ते १२ मिलिलिटर जमलं की तार परत घालून सुई बाहेर. सगळं मिळून अर्धा तास.

क्षयाच्या मेंदूज्वरासाठी ही क्रिया मेडिसिन वॉर्डात नेहमीची आहे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालयं, अशा ठिकाणचे डॉक्टर त्यात सरावलेले असतात. अडचण पाणी काढण्यात नसते, पुढच्या तासाभरात नमुन्याचं काय होतं तिथं असते.

वडिलांना सपाट झोपलं की धाप लागते. मग?

हे आधीच सांगा, न विचारता सांगा. दोन उशा लागतात, सकाळी डोकं जड असतं, दिवसा डुलक्या येतात, ही श्वासाचा पडदा दुबळा झाल्याची लक्षणं आहेत. अशा रुग्णाला खुर्चीत किंवा खाटेच्या कडेला बसवून, समोर उशीवर वाकवून पाणी काढतात. तेव्हा दाबाचा आकडा खरा नसतो, पण बायोमार्करला त्याची गरजही नाही. बायपॅप असेल तर सोबत आणा. झोपेचं इंजेक्शन टाळावं, त्यानं श्वास आणखी मंदावतो.

नंतर डोकं दुखतं म्हणतात.

काहींचं दुखतं. बसलं की ठणकतं, झोपलं की थांबतं. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यामुळे हे होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात धारदार सुईनंतर ११ टक्के, तर बोथट टोकाच्या सुईनंतर ४ टक्क्यांच्या आसपास लोकांचं डोकं दुखलं. म्हणून सुई कोणती, हे विचारायला लाजू नका. मेडिकलमधून स्वतः आणून देता येते. सहा तास सपाट पडून राहण्यानं डोकेदुखी टळत नाही. बहुतेकांची काही दिवसांत थांबते. अजिबात बसवत नसेल तर रुग्णाचंच १५-२० मिलिलिटर रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात. ताप, मान आखडणं, पायातली ताकद अचानक जाणं, लघवी अडणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लॅबसाठी: नमुना कसा घ्यायचा, कुठं बिघडतो?

पहिले १-२ मिलिलिटर पेशी-प्रथिनं-साखरेसाठी. सुई आत जाताना लागलेलं रक्त त्यातच धुऊन निघतं. पुढचं ८-१० मिलिलिटर पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत. साध्या काचेच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या नळीत प्रथिनं भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटा उतरतो. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. नळीच्या बुडाशी त्रिकोणात ‘५’ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ‘६’ असेल तर पॉलिस्टायरीन.

पाण्यात लाल छटा दिसली तर लाल पेशी मोजा. घनमिलिमीटरला ५०० च्या वर असतील तर नमुना बायोमार्करसाठी बाद. एका तासात, फार तर दोन तासांत, सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी वेगानं १० मिनिटं फिरवा. इथं हमखास चूक होते: यंत्रावर ‘आरपीएम’ असतो, ‘जी’ नसतो, आणि २००० आरपीएम लावून काम झालं असं समजतात. रोटरच्या त्रिज्येवरून आरपीएम काढा. १५ सेंटिमीटर त्रिज्येला २००० जी म्हणजे साधारण ३४५० आरपीएम.

वरचं पाणी बुडाचा तळ न हलवता घ्या आणि अर्ध्या मिलिलिटरच्या छोट्या नळ्या भरा. छोट्या नळ्या अशासाठी की एकदा वितळवलेला नमुना परत गोठवावा लागू नये. एनएफएल चिवट आहे, तीन-चार वेळा गोठवणं-वितळणं सोसतं. बाकीच्या खुणा सोसत नाहीत. साठवण उणे ८० अंशांवर. उणे २० चा फ्रीजर फक्त काही दिवसांची सोय आहे, आणि आपोआप बर्फ वितळवणारा असेल तर तीही नाही. लेबल गोठवणीत टिकणारं असावं, पेनची शाई पुसली जाते. काढल्याची वेळ, फिरवल्याची वेळ, गोठवल्याची वेळ, तिन्ही लिहा.

उन्हाळ्यात नमुना बाहेरगावी कसा पाठवायचा?

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढे जातो आणि कुरिअरची गाडी दुपारभर उन्हात उभी असते. जेलच्या पिशव्या तिथं टिकत नाहीत. कोरडा बर्फच, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो. जाड थर्माकोलच्या खोक्यात चोवीस तासांना साधारण ३ ते ५ किलो धरा आणि एका दिवसाचा जास्त टाका. खोका हवाबंद करू नका, वायू साठून फुटतो. बंद गाडीत खिडकी न उघडता नेऊ नका, त्या वायूनं माणूस गुदमरतो. उघड्या हातानं तुकडा धरू नका. पाठवणी सोमवारी किंवा मंगळवारी करा, शनिवारी पाठवलेला नमुना रविवारभर कुठंतरी पडून राहतो.

रुग्णाला प्रवास झेपत असेल तर नमुन्याऐवजी माणूस नेणं बरं. तिकडं पाणी किंवा रक्त निघताच ते यंत्रापर्यंत पोहोचतं आणि ईएमजीही पुन्हा पाहिली जाते. लातूर-नांदेडहून हैदराबाद जवळ पडतं, संभाजीनगर-जालन्याहून मुंबई-पुणे. मोटर न्यूरॉन आजारासाठी बेंगळुरूची निम्हान्स ही जुनी, जाणती संस्था आहे.

अहवाल कसा वाचायचा?

चार गोष्टी बघा: नमुना पाण्याचा की रक्ताचा, पद्धत कोणती, एकक कोणतं, आणि तुमच्या वयाची मर्यादा दिली आहे का. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर हे आकडे सारखेच असतात. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १००० नं गुणा. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडू नका. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही आकड्याशी तर नकोच.

दर महिन्याला तपासणी करू नका. लक्षणं सुरू झाल्यावर एनएफएल वर जाऊन बरंचसं तिथंच राहतं. आजार वाढला तरी आकडा हलत नाही, मग घरचे गोंधळतात.

टोफर्सेन या औषधाशी एनएफएलचा काय संबंध?

फार जवळचा. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवर हे औषध आहे. असे रुग्ण एकूण एएलएसच्या साधारण २ टक्के. चाचणीच्या २८ आठवड्यांत रुग्णांच्या गुणांमध्ये ठरवलेला फरक दिसला नाही, पण रक्तातलं एनएफएल निम्म्याहून अधिक घटलं. त्या घटीच्या आधारावर अमेरिकेच्या एफडीएनं एप्रिल २०२३ मध्ये त्याला त्वरित मान्यता दिली. या आजारात बायोमार्करच्या बळावर मिळालेली ही पहिली मान्यता.

औषध पाठीतूनच देतात: १०० मिलिग्रॅम, १५ मिलिलिटर. पहिले तीन डोस १४-१४ दिवसांनी, मग दर २८ दिवसांनी. मज्जारज्जूला सूज, मेंदूतला दाब वाढणं असे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. एसओडी१ चा दोष नसलेल्याला याचा काही उपयोग नाही. म्हणून निदान पक्कं झालेल्या प्रत्येकाची जनुकीय तपासणी व्हावी असं आमचं मत आहे. ती रक्तातून होते.

एएलएसची नेहमीची गोळी रिलुझोल, तिच्यासाठी मात्र कुठल्याही बायोमार्करची वाट पाहू नका. ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. सुरुवातीचे तीन महिने दरमहा यकृताची तपासणी.

घरातल्या बाकीच्यांनी तपासून घ्यावं का?

घरात आणखी कुणाला नसेल आणि रुग्णात जनुकीय दोष सापडला नसेल तर नाही. दोष सापडला असेल तर मुलांना तो मिळण्याची शक्यता बहुतेक वेळा निम्मी असते. एसओडी१ वाहकांत लक्षणांच्या साधारण ६ ते १२ महिने आधी एनएफएल चढू लागतं. पण हे माहीत करून घ्यायचं की नाही, हा निर्णय सज्ञान झालेल्या त्या मुलानं किंवा मुलीनं स्वतः, समुपदेशकाशी बोलून घ्यायचा आहे. सासरच्या किंवा भावकीच्या आग्रहावरून तपासणी करू नये. लहान मुलांची तर करूच नये.

शेतात फवारणी करतो. त्यामुळे झालं का, हे पाण्यातून कळेल?

कळणार नाही. कीटकनाशकं आणि एएलएस यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण एका रुग्णात कारण म्हणून बोट ठेवता येत नाही आणि त्यासाठी बायोमार्करही नाही. फवारणी करताना हातमोजे आणि मास्क घालायची कारणं याशिवायही भरपूर आहेत. लाखोळीची डाळ रोज, महिनोन्महिने खाल्ली गेली असेल तर ते मात्र जरूर सांगा. त्यानं पाय कडक होण्याचा वेगळा आजार होतो.

मोठ्या दवाखान्यात जाताना सोबत काय न्यायचं?

ईएमजीचा अहवाल मूळ आलेखांसह, नुसता निष्कर्ष नव्हे. एमआरआयची सीडी. बी-१२ ची सुई आधी घेतली असेल तर तिची तारीख, कारण सुईनंतरचा आकडा कामाचा नसतो. तीन महिन्यांतलं क्रिएटिनिन आणि आजचं वजन. सहा महिन्यांपूर्वीचं वजनही, अंदाजानं का होईना. चालू गोळ्यांची पाकिटं. गुणांची वही. आणि मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ: शर्ट काढून दंड-पाठीवरची फडफड, तोंडात स्थिर ठेवलेली जीभ. फडफड कधी असते, कधी नसते, आणि दवाखान्यात नेमकी ती थांबलेली असते.